घरखर्चाचं बजेट: महिन्याआधी वर्ष मांडा

घराचं बजेट किराण्यावर क्वचितच मोडतं. मोडतं ते विम्याच्या हप्त्यावर, शाळेच्या दुसऱ्या सत्राच्या फीवर, गाडीच्या टायरवर. हे खर्च येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, बऱ्याचदा तारखेसकट ठाऊक असतं. पण महिन्याच्या कागदावर त्यांना जागा दिलेली नसते. मग ज्या महिन्यात ते येतात त्या महिन्यात बचतीला हात लागतो किंवा क्रेडिट कार्ड बाहेर येतं, आणि 'आपल्या घरात बजेट जमतच नाही' असं म्हणून वही कपाटात जाते. बजेट महिन्याचं, खर्च वर्षाचे. दुखणं तिथे आहे. म्हणून या लेखात महिन्याचं बजेट नंतर येईल, आधी वर्ष.

(खालचे आकडे हिशोब दाखवण्यापुरते आहेत. चलन तुमचं तुम्ही लावा.)

आधी बारा महिने मागे जा

पहिल्याच दिवशी 'किराण्याला इतके, पेट्रोलला इतके' असं ठरवून बसलात तर ती इच्छांची यादी होते. त्याआधी गेल्या बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांची पुरत नाहीत, कारण वर्षातून एकदा येणारे बरेच खर्च त्यात दिसतच नाहीत. घरात जितकी खाती आणि कार्डं असतील तितकी सगळी घ्या आणि एका स्प्रेडशीटमध्ये एकाखाली एक उतरवा. रकाने चार पुरे: तारीख, कुठे, किती, कशासाठी.

इथे चार ठिकाणी हमखास फसायला होतं.

एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे खर्च म्हणून मोजले जातात. तो खर्च नाही, नुसती हलवाहलव आहे. अशा ओळींवर सरळ काट मारा. दुसरं, क्रेडिट कार्डवरची प्रत्येक खरेदी लिहिली आणि वर बँकेतून भरलेलं कार्डाचं बिलही लिहिलं की तोच खर्च दोनदा येतो. कार्डावरच्या खरेद्या ठेवा, बिल भरल्याची ओळ काढा. तिसरं, परत केलेल्या वस्तूचे आलेले पैसे उत्पन्नात धरू नका, ज्या खर्चातून गेले होते त्यातूनच वजा करा. आणि चौथं, एटीएममधून काढलेली रोकड. स्टेटमेंटमध्ये ती एका ओळीत दिसते आणि पुढे तिचं काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे रोखीने जात असतील तर पुढचे चार आठवडे रोखीचा प्रत्येक खर्च घरातल्या प्रत्येकाने लिहायचा. चार आठवडेच. आयुष्यभर लिहायला सांगितलं तर तिसऱ्या दिवशी कुणी लिहीत नाही.

आता प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: ठरलेला (भाडं, हप्ते, इंटरनेट), बदलता (किराणा, इंधन, वीज, बाहेरचं खाणं), आणि कधीतरी येणारा. या तिसऱ्या खुणेसाठीच एवढा खटाटोप केला.

कधीतरी येणाऱ्या खर्चांचं खातं

तिसऱ्या खुणेच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीपुढे तो खर्च कुठल्या महिन्यात येतो ते लिहा. स्टेटमेंटमध्ये न दिसणारे पण दोन-तीन वर्षांनी उगवणारेही आठवून टाका: मोबाइल बदलणं, घराला रंग, चष्मा, फ्रिजचा कॉम्प्रेसर, गाडीची बॅटरी. अशा वस्तूंची अंदाजे किंमत भागिले किती वर्षं टिकते, एवढं केलं की त्यांचा वार्षिक भार निघतो. २४,००० चा मोबाइल चार वर्षं वापरायचा असेल तर तो वर्षाला ६,००० चा खर्च आहे, मग या वर्षी घ्या अगर न घ्या.

समजा एका घरात वर्षाची यादी अशी निघाली: तिसऱ्या महिन्यात विमा १८,०००, चौथ्या आणि दहाव्या महिन्यात शाळेची फी प्रत्येकी १५,०००, सहाव्यात गाडीचं सर्व्हिसिंग ६,०००, आठव्यात सण-समारंभ १२,०००, अकराव्यात दात आणि चष्मे ६,०००. बेरीज ७२,०००. भागिले बारा म्हणजे महिन्याला ६,०००.

इथपर्यंत सगळेच सांगतात. पण दर महिन्याला ६,००० बाजूला टाकायला लागलात तरी चौथ्या महिन्यात खड्डा पडतो, आणि मग पद्धतच चुकीची वाटते. महिना-महिना चालवून पाहा. दोन महिन्यांनी खात्यात १२,०००. तिसऱ्यात आणखी ६,००० येऊन १८,००० होतात आणि विम्याला सगळे जातात, शिल्लक शून्य. चौथ्यात ६,००० आले, फी १५,०००, म्हणजे उणे ९,०००. पाचव्यात उणे ३,०००. सहाव्यात सर्व्हिसिंगनंतर पुन्हा उणे ३,०००. सातव्यात अधिक ३,०००, आठव्यात उणे ३,०००, नवव्यात अधिक ३,०००, दहाव्यात उणे ६,०००, अकराव्यातही उणे ६,०००, आणि बाराव्यात बरोबर शून्य. वर्षाची बेरीज जुळली, पण मधे खातं सहा महिने उणे राहिलं.

सगळ्यात खोल खड्डा किती? ९,०००. खातं सुरू करताना तेवढेच आधी टाकायचे. मग वर्षभर ते शून्याच्या खाली जात नाही, आणि वर्षअखेरीला तेच ९,००० पुढच्या वर्षासाठी जागेवर असतात. स्प्रेडशीटमध्ये बारा ओळींचं काम आहे: मागची शिल्लक, अधिक महिन्याची भर, वजा त्या महिन्याचा खर्च. सगळ्यात लहान आकडा शोधा. उणे असेल तर सुरुवातीची रक्कम तीच.

एवढे पैसे सुरुवातीला नसतील तर पहिल्या वर्षी भागाकार बाराने करायचा नाही, उरलेल्या महिन्यांनी करायचा. १८,००० चा विमा पाच महिन्यांनी भरायचा आहे, तर तोवर महिन्याला ३,६०० लागतील. एकदा भरला की मग १,५००. म्हणून पहिलं वर्ष जड जातं. ते जड जाणार हे घरात आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या महिन्यात 'हे आपल्याला झेपणारं नाही' असा सूर लागतो. सगळं एकदम झेपत नसेल तर ज्यांना टाळता येत नाही ते आधी (विमा, फी, कर), आणि रंगकाम वगैरे पुढच्या वर्षी.

हे पैसे रोजच्या खात्यात ठेवू नका. रोजच्या खात्यात दिसणारी शिल्लक ही खर्चायचीच शिल्लक वाटते, त्याला इलाज नाही. वेगळं बचत खातं, त्याला कार्ड जोडलेलं नाही, पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप तिकडे जाईल अशी सूचना बँकेला दिलेली. प्रत्येक खर्चासाठी वेगळं खातं उघडायची हौस मात्र आवरा. पैसे एकाच खात्यात, फोड स्प्रेडशीटमध्ये.

उत्पन्न: हातात येतं तेच

पगारपत्रकावरचा वरचा आकडा विसरा. कर, निधी, सगळं कापून खात्यात जे जमा होतं ते उत्पन्न.

ज्यांना दर आठवड्याला पैसे मिळतात ते महिन्याचा हिशोब करताना चाराने गुणतात आणि वर्षाचे चार आठवडे गमावतात. आठवडे ५२, महिने १२. म्हणून आठवड्याची रक्कम गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे साधारण ४.३३ पट. पंधरवड्याने पगार असेल तर वर्षात २६ पगार येतात. बजेट दोन पगारांवर बसवा. वर्षातले दोन महिने तीन पगारांचे निघतात, आणि तो तिसरा पगार वर वर्णन केलेल्या ९,००० च्या खड्ड्यासाठी अगदी वेळेवर येतो.

उत्पन्न वर-खाली होत असेल, म्हणजे धंदा, शेती, कमिशन किंवा कामाप्रमाणे पैसे, तर सरासरीवर बजेट बसवू नका. सरासरीच्या खालचे महिनेही असतातच आणि तेच ओळीने येतात. गेल्या बारा महिन्यांतले सगळ्यात कमी उत्पन्नाचे तीन महिने घ्या, त्यांची सरासरी काढा आणि तेवढाच 'घरचा पगार' समजा. आलेलं सगळं एका खात्यात जमा होऊ द्या आणि तिथून घरखर्चाच्या खात्यात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हा ठरलेला पगार सोडा. चांगल्या महिन्यांतलं जास्तीचं त्या पहिल्या खात्यात साचतं आणि वाईट महिन्यात तेच उपयोगी पडतं. धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच खात्यातून फिरत असतील तर आधी ते वेगळे करा. तोवर घराचं बजेट लागणार नाही, आणि धंद्याचा नफाही कळणार नाही.

बोनस किंवा जुनी येणी हातात आली की तो 'वरचा पैसा' वाटतो आणि तसाच उडतो. अर्थशास्त्रातलं २०१७ चं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी नेमक्या याच सवयीचा अभ्यास केला: माणूस डोक्यात पैशांचे वेगवेगळे कप्पे करतो आणि कुठून आला त्यावर तो कसा खर्चायचा हे ठरवतो. ही सवय मोडायच्या भानगडीत पडण्यापेक्षा वापरून घ्यावी. बोनस येण्याआधीच त्याचे कप्पे ठरवा: निम्मा वर्षाच्या खात्यात (म्हणजे वरच्या कधीतरी येणाऱ्या खर्चांच्या), पाव कर्जावर, पाव मौजेसाठी. मौजेचा वाटा ठेवाच. तो ठेवला नाही तर बाकीचे वाटेही टिकत नाहीत.

आता महिना

उत्पन्नातून क्रमाने वजा करत जा: ठरलेले खर्च, कर्जाचे हप्ते, वर्षाच्या खात्याची भर, बचत, आणि मग उरलेल्यात बदलते खर्च आणि प्रत्येकाचे वैयक्तिक पैसे. शेवटी शून्य उरलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक पैशाला काम नेमून दिलेलं असलं पाहिजे. 'उरले तर बचत' या वाक्यात बचत कधीच उरत नाही, म्हणून ती वरच्या ओळीत.

निम्मे गरजांना, तीस टक्के हौशीला, वीस टक्के बचतीला, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. तपासणीपुरता ठीक आहे. त्यावरून घरात भांडू नये. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा. कमी उत्पन्नाच्या घरात गरजाच सत्तर टक्के घेतात, त्यात उधळपट्टी कुठे आली? आणि भरपूर उत्पन्न असलेल्या घराने वीस टक्क्यांवर समाधान मानणं हे उलट ढिलं झालं.

खर्चाचे रकाने (किराणा, वीज, कपडे असे गट) बारा ते पंधरा ठेवा. चाळीस रकाने केले की प्रत्येक बिलापाशी 'हे कुठे टाकू' असा प्रश्न पडतो आणि लिहिणाराच कंटाळतो. एकाच बिलात किराणा, साबण आणि मुलाचं कंपासपेटीचं सामान आलं तर फोड करत बसू नका, सगळं किराण्यात जाऊ द्या. दर महिन्याला तसंच होत असेल तर सरासरीत ते बसतंच. फोड तेव्हाच करायची जेव्हा त्याच दुकानातून मिक्सर आला असेल. 'किरकोळ' हा रकाना असू द्या, पण तो एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्या वर गेला की त्यात काहीतरी लपलेलं आहे. उघडून पाहा, एखाद-दुसरा नवा रकाना त्यातूनच निघेल.

बदलत्या खर्चांपैकी किराणा, भाजी आणि बाहेरचं खाणं हे आठवड्याच्या मापाने चालवा. महिन्याचे १३,००० हा आकडा कुणाला हाताशी धरता येत नाही. दहा तारखेपर्यंत 'अजून भरपूर आहेत' आणि बावीस तारखेला 'संपले कसे?' आठवड्याचा आकडा काढताना पुन्हा तेच: चाराने भागू नका. १३,००० गुणिले १२ भागिले ५२, म्हणजे बरोबर ३,०००. चाराने भागलं तर ३,२५० येतात आणि पाचव्या आठवड्याची तूट दर तिमाहीला कुठूनतरी उगवते. आठवडा सुट्टीच्या दिवसाच्या आदल्या रात्री संपवू नका. सुट्टीतच जास्त खर्च होतो, आणि नव्या आठवड्याचे पैसे नेमके तेव्हाच हातात पडले तर पहिल्याच दिवशी निम्मे जातात. मधल्या वारापासून सुरू झालेला आठवडा जास्त टिकतो.

घरातल्यांचं काय

एकाने बनवलेलं आणि बाकीच्यांवर लादलेलं बजेट म्हणजे घरात नेमलेला तपासनीस. ते पाळलं जात नाही, चुकवलं जातं. लिहिण्याचं काम एकाने करायला हरकत नाही, आकडे ठरवायला मात्र कमावणारे, न कमावणारे, सगळे मोठे बसले पाहिजेत. नवा महिना सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, वीस ते तीस मिनिटं. मोठं बिल आलेल्या दिवशी ही बैठक घेऊ नका, ती बैठक राहत नाही.

क्रम असा ठेवा: पुढच्या महिन्यात वेगळं काय आहे (लग्न, परीक्षा फी, पाहुणे), मागच्या महिन्यात कुठले दोन-तीन रकाने चुकले, आणि आकडे बदलायचे का. मागच्या महिन्यापासून सुरुवात केली की ती उलटतपासणी होते, म्हणून पुढचा महिना आधी. बोलण्याची ढबही महत्त्वाची. 'तू परत कपड्यांवर दोन हजार जास्त घालवलेस' याला उत्तर म्हणून 'आणि तुझं ते हेडफोनचं काय?' हेच येणार. 'कपड्यांच्या रकान्यात दोन हजार कमी पडले, कुठून आणायचे?' याला मात्र कामाचं उत्तर द्यावं लागतं. कर्ता माणूस न ठेवता रकाना ठेवायचा, युक्ती एवढीच.

प्रत्येक मोठ्या माणसाला वैयक्तिक पैसे हवेत, ज्यांचा हिशोब कुणी मागायचा नाही. थोडे असले तरी चालतील, शून्य नकोत. घर सांभाळणाऱ्या आणि पगार नसलेल्या व्यक्तीला ते तेवढेच मिळाले पाहिजेत. त्याला 'हातखर्चाला देणं' म्हणू नये. शब्दानेच कुणीतरी देणारा आणि कुणीतरी घेणारा होतो. दोघं कमावतात पण उत्पन्न कमी-जास्त आहे आणि खाती वेगळी ठेवायची आहेत, तर सामाईक खर्च निम्मा-निम्मा न करता उत्पन्नाच्या प्रमाणात वाटा. एकाचे ४५,००० आणि दुसऱ्याचे ३०,००० म्हणजे प्रमाण ६०:४०. सामाईक खर्च ५०,००० असेल तर ३०,००० आणि २०,०००. उरतात १५,००० आणि १०,०००. निम्मा केला असता तर एकाकडे २०,००० आणि दुसऱ्याकडे ५,००० उरले असते, आणि सहा महिन्यांत त्याची कुरबुर सुरू झाली असती.

एक 'विचारण्याची मर्यादा' ठरवून टाका: अमुक रकमेच्या वरची खरेदी दुसऱ्याला विचारल्याशिवाय नाही. महिन्याच्या उत्पन्नाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास ती बरी बसते. त्याहून कमी ठेवली तर सतत परवानगी मागावी लागते, आणि त्याचा जाच होतो.

मुलांना काय सांगायचं? लहान मुलांना आठवड्याला ठरलेली रक्कम आणि ती संपल्यावर वर एक पैसा नाही, एवढं पुरे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला विजेचं खरं बिल दाखवा आणि एखादा रकाना पूर्ण त्याच्या हाती द्या, उदाहरणार्थ त्याच्या स्वतःच्या कपड्यांचा, तीन महिन्यांचा एकत्र. पहिल्या महिन्यात तो सगळे उडवेल. उडवू द्या, आणि भरपाई करू नका. कर्जाची ओढाताण मात्र मुलांच्या डोक्यावर ठेवू नये. घरात वडीलधारी मंडळी असतील तर त्यांच्या औषधांचा खर्च त्यांनाच विचारून लिहा. अंदाजाने लिहिलेला तो आकडा जवळजवळ नेहमी कमी निघतो, कारण तपासण्या आणि येण्याजाण्याचे पैसे कुणी धरत नाही.

चालू ठेवणं

वही, स्प्रेडशीट की ॲप? जे घरातल्या दोन माणसांना उघडता येतं ते. जपानमध्ये मोतोको हानी यांनी १९०४ मध्ये घरगुती जमाखर्चाची वही, 'काकेबो', आणली आणि ती हाताने लिहिण्याची पद्धत अजून चालते आहे, तेव्हा साधन जुनं आहे म्हणून अडत नाही. आपोआप वर्गवारी करणाऱ्या ॲपला पैसे कुठल्या दुकानात गेले ते कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. त्याच्या वर्गवारीवर आठवड्यातून एकदा नजर टाकावी लागतेच.

खर्च दोन दिवसांच्या आत लिहा, आठवड्याला दहा मिनिटांत मेळ घाला. सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर आत्ताची शिल्लक. जुळलं नाही तर फरकाच्या आकड्याकडे नीट पाहा, तो बरंच सांगतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी: ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९०. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी तंतोतंत जुळली तर ती नोंद उलट बाजूला पडली आहे, खर्चाऐवजी जमेत. आणि फरकाएवढीच रक्कम स्टेटमेंटमध्ये सापडली तर ती लिहायचीच राहिली आहे. दहा मिनिटांत सापडलं नाही आणि फरक महिन्याच्या खर्चाच्या एक टक्क्याच्या आत असेल तर 'न लागलेला हिशोब' अशी एक ओळ घाला आणि झोपा. वीस रुपड्यांसाठी रात्र जागवणाऱ्यांची वही दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

एखादा रकाना ओलांडला गेला तर दुसऱ्या रकान्यातून पैसे हलवा आणि कुठून हलवले ते लिहा. रकाना नुसता उणे ठेवून पुढच्या महिन्यात ढकलू नका, आणि वर्षाच्या खात्यातून उचलू नका. तिथून उचललेले पैसे 'परत ठेवू' म्हणून उचलले जातात. एकच रकाना सलग तीन महिने ओलांडला जात असेल तर आकडाच चुकलेला आहे. वाढवा, आणि दुसरीकडे तेवढंच कमी करा.

कार्डाने केलेला खर्च खरेदीच्या तारखेला धरा, बिलाच्या तारखेला नाही. आणि कार्डाचं पूर्ण बिल भरता येत नसेल तर बाकी सगळ्या बचतीआधी ते मिटवा: महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला लहान वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतं, आणि न भरलेली बाकी दोन वर्षांत दुप्पट होते. चालू हप्त्यांची वेगळी यादी करा, प्रत्येकापुढे शेवटचा महिना लिहा. हप्ता संपला की ती रक्कम त्याच दिवशी वर्षाच्या खात्याकडे किंवा दुसऱ्या कर्जाकडे वळवा. महिनाभर जरी मोकळी राहिली तरी ती रोजच्या खर्चात मुरते.

आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गण्या तीन महिन्यांतून एकदा तपासा. वर्षातून एकदा सगळे आकडे नव्याने मांडा. वर्षाला ६ टक्के भाववाढ धरली तरी तीन वर्षांपूर्वीचे १३,००० आज सुमारे १५,५०० होतात. जुना आकडा तसाच ठेवून घरातल्यांना 'खर्च वाढवलात' म्हणणं अन्याय आहे.

उत्पन्न थांबलं तर

अडीअडचणीचा निधी वर्षाच्या खात्याहून वेगळा. टायर झिजणं ही अडचण नव्हे, ते ठरलेलं आहे. नोकरी जाणं, मोठं आजारपण या अडचणी. हा निधी मोजताना बरेच जण पगाराची पट धरतात आणि आकडा बघून हातपाय गाळतात. पट आवश्यक खर्चाची धरायची. ती काढण्यासाठी बजेटच्या प्रत्येक रकान्याशेजारी दुसरा आकडा लिहा: उद्या उत्पन्न थांबलं तर इथे किती लागेल? भाडं तेवढंच, वीज थोडी कमी, किराणा साधारण तीन चतुर्थांश, बाहेरचं खाणं शून्य, विमा तेवढाच (तो अशा वेळी बंद करणं सगळ्यात महागात पडतं), शाळेची फी तेवढीच, कपडे शून्य, वैयक्तिक पैसे निम्मे. ५८,००० च्या बजेटची ही दुसरी बेरीज ३९,००० आली तर तीन महिन्यांचा निधी १,१७,०००, सहा महिन्यांचा २,३४,०००. पगारदार घराला तीन ते सहा महिने पुरतात. एकच कमावता असेल किंवा उत्पन्न अनियमित असेल तर सहाच्या पुढे जा. पहिला टप्पा एका महिन्याचा ठेवा, बाकी हळूहळू.

हा दुसरा रकाना भरायचा तो सगळं सुरळीत असताना, बैठकीत, सगळ्यांसमोर. कशाला आधी कात्री लागेल हे शांतपणे ठरलेलं असलं की प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा त्यावर वाद घालत आठवडे जात नाहीत, त्याच दिवशी दुसऱ्या रकान्यावर जाता येतं.